सावडीचे बैल

सिनेमा बघितला नाही तर पेंड मिळणार नाही, असं कुणीच म्हटलं नव्हतं. दूध संस्थेचे चेअरमन मोहनराव एवढंच बोलले होते, की बीडहून माणसं आली आहेत, हवामानावरचा सिनेमा दाखवणार आहेत, आणि आज पेंडीचं वाटप सिनेमा संपल्यावर गोदामाच्या दारातच होईल. छावणीतल्या माणसांना तेवढं पुरेसं होतं. ऊन जरा कललं तसे सगळे जनावरांना पाणी दाखवून, रिकामी घमेली घेऊन गोदामाकडं निघाले.

लिंबागणेशच्या अलीकडच्या त्या गावात संस्थेनं दुष्काळापायी छावणी उघडली होती. संस्थेच्या मागचं पडीक रान, बांबूवर ताणलेली हिरवी जाळी आणि जाळीखाली रांगेनं बांधलेली गावची जनावरं. ज्याची जनावरं त्याच्या घरातलं एक माणूस तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं, तिथंच शेणात झोपायचं. दूध देणारं त्यात फारसं काही उरलं नव्हतं. संस्थेच्या पाटीवर 'दूध' हा शब्द मात्र नुकताच रंगवलेला होता.

त्रिंबक आणि पाशा यांची दावण एकच होती. त्रिंबकचा बैल लाल, ठेंगणा, आखूड शिंगांचा. पाशाचा पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला, उंच, लांब कानांचा. जोडी म्हणून कुणी पाहिलं तर हसू यावं अशी ती होती. पण दोघांकडं एकेकच बैल, आणि एका बैलावर औत चालत नाही. म्हणून वर्षानुवर्षं दोघं आपले बैल एका जुवाखाली घालत आले होते. याला आमच्याकडं सावड म्हणतात. सावडीला कागद लागत नाही. एका साली आधी याची पेरणी, दुसऱ्या साली आधी त्याची. रीत एवढीच, की मागायचं नाही. ज्याची पाळी असेल त्याच्या दारात दुसऱ्यानं दिवस उगवायला आपला बैल आणून उभा करायचा. लाल बैल डाव्या अंगाला, ठिपक्या उजव्या. बैलांनाही ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की छावणीत मोकळे सोडले तरी लाल बैल ठिपक्याच्या डावीकडंच जाऊन उभा राही.

औंदा पहिली पाळी पाशाची होती.

गोदामाच्या खिडक्यांना बारदान लावून अंधार केला होता. बारदानाच्या भोकांतून ऊन आत येतच होतं. युरियाचा वास, घामाचा वास, आणि समोर कुणाच्या तरी मांडवाचं पांढरं कापड. पाशा पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून बसला. त्रिंबक त्याच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन.

सुरुवातीला नुसता बर्फच आला. मोठमोठे कडे फुटून समुद्रात पडत होते आणि गोदामात धाडधाड आवाज होत होता. माणसं घमेली मांडीवर घेऊन बघत राहिली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "यातला एक तुकडा छावणीत आनून टाका की चेअरमनसाहेब."

"हे काय दाखवाय लागलेत?" पाशानं विचारलं.

"जगातला बरफ वितळाय लागलाय," त्रिंबक म्हणाला. "उष्णता वाढली म्हून."

"वितळला तर पानीच व्हनार की. मंग ते आपल्याकडं कावून येईना?"

"समुद्रात जातंय ते."

"म्हंजी तिथं बी पुढाऱ्याचंच रान खालच्या अंगाला हाय म्हन की."

आजूबाजूची माणसं हसली. मोहनराव दारात उभे होते, ते हसले नाहीत. कापडावर आता कारखान्यांच्या चिमण्या आल्या होत्या, धुराचे लोट येत होते आणि एक बाई शांत आवाजात सांगत होती, की हा धूर हवेत साचून राहतो आणि त्यानं पावसाची रीत बदलते.

"परळीच्या वीजकेंद्राची चिमणी कवाची बंद हाय, पान्यावाचून," पाशा म्हणाला. "मी गेलतो तवा बघून आलो. धूर न्हाई, काय न्हाई. मंग मागल्या साली पाऊस कावून न्हाई आला बे?"

"एका चिमणीचं न्हाई ते. साऱ्या जगाचं हाय."

"मंग साऱ्या जगाला दाखवा की शिनेमा. ज्याचा धूर त्येला दाखवा. आपल्याकडं धूर कुठला? माझ्या जाहेदाच्या चुलीचा?"

"गप बस जरा. ऐकू दी."

त्रिंबकनं असं म्हटल्यावर पाशानं त्याच्याकडं वळून पाहिलं. सिनेमा पुढं सरकला होता. आता बर्फ नव्हता, धूर नव्हता. कापडावर एक रान होतं, कुठलंही असेल, पण मातीचा रंग ओळखीचा होता. कपाशीचे कोंब दोन पानांवर आलेले होते आणि बघता बघता माना टाकत होते. बाई म्हणाली, पाऊस पूर्वीएवढाच पडेल, कदाचित जास्तही पडेल, पण एकदम पडेल आणि मग मोठी उघडीप देईल. पहिल्या सरीवर भुलू नका. वीतभर खोल ओल गेल्याशिवाय बियाणं मातीत घालू नका.

त्रिंबकनं आपल्या हाताची वीत करून पाहिली. मागच्या साली त्याच्या रानातले कोंब असेच गेले होते. पाशाचेही गेले होते. तेव्हा दोघांनी मिळून दैवाला शिव्या घातल्या होत्या. आज कुणीतरी त्याचं कारण सांगत होतं, आणि कारण कळल्यावर माणसाला जो एक आधार वाटतो तो त्रिंबकला वाटत होता. त्याला तो सिनेमा मनापासून पटला. पाशाला झोप येत होती.

पेंड घेऊन दोघं दावणीला आले. पाशानं ढेप फोडली, पाण्यात भिजवली आणि दोन्ही बैलांपुढं सारखी वाटली. लाल बैलाच्या बरगड्या वर आल्या होत्या. ठिपक्याही काही वेगळा नव्हता, पण उंचीमुळं त्याचं हडकणं लपून जाई.

"औंदा धूळपेर नको पाशा," त्रिंबक म्हणाला.

धूळपेर म्हणजे पाऊस यायच्या आधीच कोरड्या धुळीत सरकी लावून मोकळं व्हायचं. मृगाचा पाऊस लागून पडला तर ती कपाशी इतरांच्या कितीतरी पुढं निघून जाते. एक सर टाकून पाऊस पळाला तर उगवलेलं डोळ्यांदेखत जळतं. आमच्याकडची निम्मी माणसं दर साली हा जुगार खेळतात.

"शिनेमा बघून बोलतूस व्हय?" पाशानं विचारलं.

"मागल्या सालाचं बघून बोलतोय. शिनेमात त्येचं कारन सांगितलं, एवढंच."

"मागल्या साली जळालं म्हून औंदा बी जळंल? माझ्या बापानं जलमभर धूळपेर केली. बहात्तरला रस्त्यावर खडी फोडत व्हता त्यो. तवा कुठं व्हती ही बाई आन् तिचा धूर? दुष्काळ यायचाच, जायचाच."

"आता तसं न्हाई ऱ्हायलं. कायमचं बदललंय म्हनती ती."

"कायमचं तिला काय ठावं?" पाशानं हात झटकले. "आन् तुझं रान काळं हाय त्रिंबका. वीतभर ओल धरली तर म्हैनाभर सोडत न्हाई. माझं बरड. दुपारी पडलेलं पानी सांजच्याला खाली गेलेलं असतंय. मी ओलीची वाट बघत बसलो तर माझ्या पऱ्हाटीला बोंडं धरायला दिवस कुठून आनू? ती बाई कंच्या रानाचं बोलती?"

त्रिंबक आठवून बघायला लागला. सिनेमात बरड रानाचं काही सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा पाशा पुढाऱ्याच्या रानाचं बोलत असेल.

"तू नको करू," पाशा म्हणाला. "तू थांब तुझा. माझं मला करू दी. पाळी माझीच हाय औंदा."

"हां," त्रिंबक म्हणाला.

हे 'हां' पाशाला पुढं कुणापाशीही सांगता आलं असतं. त्यानं ते कुणालाच सांगितलं नाही.

मृग तोंडावर आला तशी जो तो आपापले बैल कामापुरते घरी नेऊ लागला. पाशानं रानातल्या काड्या वेचल्या, जू नीट केलं, वादीला तेल लावलं. कपाशीसाठी बैलांकरवी रानात उभ्या आणि आडव्या रेघा ओढायच्या असतात. जिथं रेघेवर रेघ येते तिथं फुली पडते आणि त्या फुलीवर सरकी टाकायची. पाशाचं रान उन्हानं भाजून दगडासारखं झालं होतं. त्यात रेघ ओढायची म्हणजे बैलांचा जीव निघणार होता. त्रिंबक ते येता-जाता बघत होता. बैल तिथं बसला तर पाऊस आल्यावर आपण काय जुंपायचं? आणि हे सगळं कशासाठी, तर जळून जाणाऱ्या सरकीसाठी. सिनेमातले ते माना टाकणारे कोंब त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

पाशाच्या पेरणीच्या सकाळी त्रिंबकची बायको सत्यभामा उठून अंगणात आली, तर लाल बैल खुंट्यालाच होता आणि त्रिंबक त्याच्याजवळ तेलाची वाटी घेऊन उभा होता.

"अवं, बैल आजून दारातच? पाशाभाऊ वाट बघत असतील की."

"न्हाई द्यायचा."

"कावून?"

"मरंल त्यो त्या रानात."

सत्यभामानं त्याच्या हाताकडं पाहिलं. त्यानं हळद तेलात कालवली होती आणि तो ती बैलाच्या खांद्याला चोळत होता. जू बसतं तिथं खांदा सुजला की आमच्याकडं हळद-तेल लावतात. या बैलाचा खांदा मात्र धडधाकट होता.

"न्हाई द्यायचा तर न्हाई म्हना की तोंडानं," ती म्हणाली. "दातखीळ बसलीया का? हळद कशाला नासता?"

"तू चुलीकडं जा."

ती गेली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

ऊन अंगणात आलं तेव्हा पाशा आला. हातात जुवाची वादी तशीच होती. दारात ठिपक्याला उभा करून तो वाट बघत बसला होता, हे त्याच्या कपड्यांवरूनच दिसत होतं. पेरणीचा म्हणून धुतलेला सदरा त्यानं घातला होता. इतक्या वर्षांत सावडीच्या दिवशी तो पहिल्यांदाच या अंगणात बैलाशिवाय आला होता. काय बोलायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण अशा वेळी बोलायचं काही ठरलेलंच नव्हतं.

"खांदा सुजलाय," त्रिंबकच आधी म्हणाला.

"रातीतून?"

"छावणीत बांबूला घासला आसंल."

पाशा पुढं झाला. त्यानं बैलाच्या खांद्यावर तळहात ठेवला आणि दाबला. सुजल्या खांद्याला बोट लागलं तरी जनावर झटका मारतं. लाल बैलानं मान उलट पाशाच्या हातावर टेकली आणि त्याचं मनगट चाटलं. पाशानं आणखी एकदा दाबून पाहिलं. मग हात काढला. तळव्याला लागलेली हळद बघितली आणि ती आपल्या पायजम्याला पुसली.

"सुजलाय खरा," तो म्हणाला.

त्रिंबक वाटीतलं तेल ढवळत होता.

"च्या घ्या की पाशाभाऊ," सत्यभामा म्हणाली.

"नको वहिनी. ऊन चढाय लागलं."

दोघांची रानं एकमेकांना लागून होती, मधे फक्त बांध. त्यामुळं पुढचं सगळं त्रिंबकला बघावंच लागलं. पाशानं आणि त्याच्या बायकोनं, जाहेदानं, एका लांब दोरीला चिंध्यांच्या गाठी मारल्या. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. दोरी ताणायची, गाठीपाशी खुरप्यानं माती उकरायची, सरकी टाकायची, पायानं माती लोटायची आणि दोरी पुढं सरकवायची. जाहेदाच्या कमरेला आधीपासून त्रास होता. ती थोडा वेळ वाकून काम करी, मग बसून करी, मग बसल्या बसल्याच पुढं सरके. तिच्या लुगड्याचा मागचा भाग मातीनं भरला होता. खुरपं दगडावर आपटलं की आवाज इकडं ऐकू येई. ठिपक्या बांधावरच्या बाभळीखाली नुसताच बांधलेला होता. त्याला करायला काही नव्हतं.

त्रिंबक दोनदा उठला, बांधापर्यंत गेला आणि परत आला. आता बैल नेऊन दिला असता तर खांद्याचं काय सांगायचं, हा प्रश्न होता. खोटं बोलून माणूस मोकळा होतो असं नाही, त्याला ते खोटं मग सांभाळत बसावं लागतं. त्यानं रोज सकाळी उठून बैलाला हळद लावली.

आणि मृग पडला. अगदी वेळेवर, संध्याकाळी, गार वारं सुटून. सर चांगली झाली, अंगणातून पाणी वाहिलं. दुसऱ्या सकाळी मोहनरावांनी छावणी उठवली. देवानं दिलं, आता छावणीचं काय काम, असं ते म्हणाले आणि हिरवी जाळी गुंडाळून गोदामात गेली. जनावरं घरी आली. घरी वैरण नव्हती.

पाशाच्या रानात दोरीच्या गाठीगाठीनं कोंब वर आले. बांधावरून बघताना सरळ हिरव्या टाक्यांसारखे दिसत. पारावर माणसांना विषय मिळाला.

"काय त्रिंबकराव, शिनेमातली बाई काय म्हनती?"

"अजून वीत मोजतेत ते."

पाशा त्या हसण्यात नसे. तो पारावर येणंच टाळत होता. रानात कोंबांच्या कडेनं उकिडवा बसून राही. एकदा बांधावर दोघांची गाठ पडली तेव्हा त्रिंबक म्हणाला, "चांगलं उगवलंय." पाशा म्हणाला, "हां." एवढंच.

मग ऊन पडायला लागलं. वारं असं सुटलं, की सकाळी आलेले ढग दुपारपर्यंत कुठं जात ते कळत नसे. आर्द्रा कोरडी लागली आणि कोरडीच चालली. पाशाच्या बरडात कोंबांनी आधी रंग सोडला, मग पानं मुडपली, मग दुपारच्या माना सकाळीही वर येईनात. जाहेदा डोक्यावर घागर घेऊन येई आणि तांब्यानं बुडाशी पाणी घाली. पहिल्या ओळी संपेपर्यंत घागर संपे. मग तिनं तेही सोडलं.

त्रिंबकला बरं वाटलं, हे सांगायलाच पाहिजे. पाशाचं जळालं म्हणून नव्हे, आपण मूर्ख ठरलो नाही म्हणून. सरकीची पिशवी कणगीवर जशीच्या तशी होती. तो ती दिवसातून एकदा खाली काढून हातात घेई आणि परत ठेवी. सत्यभामा ते बघे आणि काही बोलत नसे. तिचं न बोलणं त्याला पारावरच्या बोलण्यापेक्षा जड जात होतं.

एका रविवारी पहाटेचं पाशा ठिपक्याला घेऊन त्यांच्या दारावरून निघाला. ठिपक्याची शिंगं तेल लावून पुसलेली होती.

"कुठं निगालास?" त्रिंबकनं विचारलं.

"नेकनूरला."

"बाजारला? इकतूस का काय?"

"एका बैलाला दारात बांधून काय करू?" पाशा चालत चालतच म्हणाला. "वैरन न्हाई, औत न्हाई. निस्ता बघत बसू त्येच्या तोंडाकडं?"

थांब म्हणायला हवं होतं. आपण मिळून वैरणीचं बघू, पाऊस आल्यावर दोघांचंही लावू, असं म्हणायला फार वेळ लागला नसता. त्रिंबकच्या तोंडापर्यंत ते आलंही. पण त्याच्या डाव्या हाताला लाल बैल उभा होता आणि बैलाच्या खांद्यावर कालची हळद होती. पाशा पुढं गेला. लाल बैलानं मान वर करून पाहिलं, एकदा हंबरला आणि परत गव्हाणीत तोंड घातलं.

ठिपक्या गेवराईकडच्या एका शेतकऱ्यानं घेतला. त्याला उजव्या अंगाचाच बैल पाहिजे होता. पाशा घरी आला, दोन दिवस झोपून राहिला आणि मग मांजरसुंब्याला गेला. तिथं त्याचा मेहुणा मुनव्वर याचं चौकात पंक्चरचं दुकान होतं.

पाऊस आला तो पुनर्वसूत. दोन दिवस, दोन रात्री. ढगाचा गडगडाट नाही, वारं नाही, नुसता धरून पडला. उघडल्यावर त्रिंबक रानात गेला आणि त्यानं मातीत हात घातला. मनगटापर्यंत माती ओली होती. सिनेमातल्या बाईनं सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं निघालं होतं. आपल्या काळ्या रानात ओल्या हातानं उभा राहून त्याला एकदम मोठ्यानं कुणालातरी हाक मारावीशी वाटली, आणि ज्याला मारायची तो बांधापलीकडं नव्हता.

असा पाऊस झाला की एक-दोन दिवसांनी वापसा येतो. पाय रुतत नाही आणि धूळही होत नाही, अशी माती होते. तो मोजकेच दिवस टिकतो. तेवढ्यात सगळ्या गावाला सगळं करायचं असतं. ज्यांचे बैल होते ते पहाटेपासून आपल्या रानात होते. धोंडीरामची सावड त्याच्या भावाशी होती. अर्जुनरावांच्या दोन जोड्या होत्या आणि दोन्ही गुंतलेल्या. मोहनरावांच्या ट्रॅक्टरवाल्यानं सांगितलं, की नंबर लावा, आठवडाभरात बघू. आठवडाभरात वापसा राहणार नव्हता. पुनर्वसू संपला की सरकी लावण्यात काही राम नसतो, हे सांगायला सिनेमा लागत नाही.

"दोरीनं लावू," सत्यभामा म्हणाली.

"दोरीला येळ लागतो. धुळीत येळ असतो, ओलीत नसतो."

"मंग जा की मांजरसुंब्याला," ती म्हणाली. "जायचंच हाय तुमाला. कवाचे दारापर्यंत जाऊन परत येताय."

तो जीपनं गेला. चौकात ढाब्याशेजारी टायरांची चळत होती आणि पाशा ट्रकचं चाक खाली घेऊन पहारीनं टायर उचकटत होता. कोपरापर्यंत हात काळे झाले होते. त्यानं त्रिंबकला पाहिलं, पहार खाली ठेवली नाही.

"बस," तो म्हणाला. "मुनव्वर, च्या सांग एक."

त्रिंबक टायरवर बसला. ट्रकवाला शेजारी उभा राहून कामाकडं बघत होता.

"पाऊस झाला म्हनं तिकडं."

"झाला. हात घालून बघितला. वीतभर हाय. वीतभरापरीस जास्तच."

"म्हंजी तुझी बाई खरी निघाली बे."

"हां."

"निघायचीच. एवढा बरफ दाखवला तिनं." पाशानं पहारीवर जोर दिला. टायरची कड सुटली. "लावली का मंग सरकी?"

चहा आला. त्रिंबकनं कप हातात धरून ठेवला. सावडीत मागायचं नसतं. पण सावड आता राहिली नव्हती, त्यामुळं मागण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"बैल न्हाई," तो म्हणाला. "जोडीला. समद्यांचे गुतलेत. तुझ्या वळखीत कुनाचा... दोन दिसापुरता. उजव्या अंगाचा."

पाशानं पहार ठेवली. तो खरोखर हसला. जुन्या सवयीनं, गोदामात हसला होता तसा.

"शिनेमा खरा निघाला न्हवं? मंग त्येलाच जुंप की उजव्या अंगाला."

मुनव्वर हसला, ट्रकवाला काही न कळताही हसला. त्रिंबकही थोडा हसला. चांगलं बोलला होता पाशा, त्यात वाद नव्हता. मग पाशानं ट्यूब बाहेर ओढली, पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि बुडबुडा कुठून येतो ते वाकून बघत राहिला. तसाच वाकून, वर न बघता त्यानं विचारलं, "खांदा उतरला का बैलाचा?"

त्रिंबकला वाटलं आत्ता सांगून टाकावं. ट्रकवाला उभा होता, मुनव्वर उभा होता.

"उतरला," तो म्हणाला.

"बरं झालं," पाशा म्हणाला आणि त्यानं बुडबुड्यावर बोट ठेवलं.

त्रिंबक परत आला तो थेट बाभळीची फांदी तोडायला गेला. तिचं त्यानं एका बैलापुरतं आखूड जू केलं आणि दोन दातांचं हलकं औत मागं बांधलं. पहाटे लाल बैलाला घेऊन तो रानात उतरला. सत्यभामा सरकीची ओटी भरून मागं.

बैल चालला. चालण्यात त्याची काही कसूर नव्हती. फक्त तो सरळ चालेना. उजवीकडं ठिपक्याएवढी जागा सोडून तो डावीकडं सरकत राही. त्रिंबक कासरा ओढी, मान उजवीकडं वळे, पाय डावीकडंच पडत. पहिली रेघ बांधापाशी निघाली ती पार तिरपी होऊन पलीकडं पोचली. दुसरी तिच्या मागं तशीच.

"सरळ हाना की," सत्यभामा म्हणाली.

"हानतोय की!"

त्यानं चाबूक मारला. डाव्या अंगावर मारला, की बैल उजवीकडं सरकेल. बैलानं कातडी थरथरवली आणि पुन्हा तेवढीच जागा सोडून तो चालू लागला. त्रिंबकनं पुन्हा मारला. मग त्याला बैलाचा राग येईना, स्वतःचाच यायला लागला, आणि तो कशावर काढायचा ते कळेना म्हणून त्यानं चाबूक बांधावर फेकून दिला. नुसता कासरा धरून तो बैलामागून चालत राहिला. बैल नेईल तशी उभी-आडवी रेघ पडत गेली. सत्यभामा त्या वाकड्या फुल्यांवर सरकी टाकत गेली. वापसा होता तोवर त्यांनी सगळं रान लावून काढलं.

कपाशी उगवली आणि चांगलीच उगवली. ओल खोल होती, काळं रान होतं. श्रावणात ती गावातली सगळ्यांत तेजदार कपाशी होती, आणि रानाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडं तिरपी गेलेली होती. रान रस्त्याला लागून. चतुर्थीला लिंबागणेशला दर्शनाला जाणारी माणसं तिथं थांबायची आणि मान वाकडी करून बघायची. अशाच एका चतुर्थीला त्रिंबककडं खुरपणीला दोन-तीन बाया होत्या. त्यात जाहेदाही होती. तिच्या रानात खुरपायला काही नव्हतं. सत्यभामाच्या शेजारची ओळ तिनं धरली होती.

रस्त्यावरून एका परगावच्या म्हाताऱ्यानं हाक दिली, "आवं पावनं, पऱ्हाटी लई झ्याक हाय. पर अशी तिरपी कावून लावली?"

त्रिंबकनं खाली वाकून एक गवताची काडी उपटली आणि तो ती बघत बसला. म्हातारा उत्तराची वाट बघत उभाच होता. जाहेदाचं खुरपं थांबलं.

सत्यभामानं मान वर केली नाही. रस्त्यापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "बैलाचा खांदा सुजलता."